‘काय शेठ!’ – या हाकेतला शेठ नेमका कोण?

स्लो लोकल

आमच्या हापिसात एकाचाही स्वतःचा धंदा नाही. सगळे पगारी, निम्म्यांच्या मानेवर घराचा हप्ता. तरी सकाळी आत शिरताना हाक एकच, ‘काय शेठ!’ उत्तरही ठरलेलं, ‘बोला शेठ.’ पुढे कोणी काही बोलत नाही, बोलावं अशी अपेक्षाही नसते. गाडीत चौथी सीट हवी असली की ‘शेठ, जरा सरका’. वडापाववाल्याला आपण म्हणतो, ‘शेठ, सुकी चटणी जास्त’, आणि तो आपल्याला म्हणतो, ‘सुट्टे बघा ना शेठ’. गाडीपाशी माणसं दोनच, आणि दोन्ही शेठ!

हा शब्द हाक म्हणून आला कुठून? एक मित्र म्हणतो, भुलेश्वर-काळबादेवीच्या गुजराती पेढ्यांवरून. दुसरा छातीठोकपणे सांगतो, पनवेल-उरणकडचा आहे, मुंबईत उशिरा पोचला. तिसऱ्याच्या मते हा ‘शेख’चा अपभ्रंश. जाणकारांनी लिहावं. आपापल्या भागातले वापरही लिहा: खरे, चेष्टेतले, टोमण्यातले, सगळे चालतील.

ओला बोंबील

पहिला! काय शेठ, बऱ्याच दिवसांनी धागा काढलात.

शेखवरून शेठ असेल तर खेकड्यावरून खेटर आलं असणार. (हलके घ्या.)

आमच्या बाजारात कोळणीसुद्धा ‘ये शेठ, बघून तरी जा’ असं ओरडतात. बघून पुढे गेलं की त्याच तोंडाने जे म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. संपादक मंडळ जागं आहे.

अर्धमागधी

शेखचा काही संबंध नाही. तो अरबी, हा इथला.

मूळ संस्कृत ‘श्रेष्ठिन्’. व्यापाऱ्यांची नि कारागिरांची जी श्रेणी असे, आजच्या भाषेत संघ, तिचा प्रमुख. शब्द अर्थातच ‘श्रेष्ठ’वरून. आणि श्रेष्ठ हे रूप कशाचं? पाणिनीचं सूत्र आहे, ‘प्रशस्यस्य श्रः’. ‘प्रशस्य’ला अधिक किंवा सर्वाधिक असं दाखवणारा प्रत्यय लागला की त्याच्या जागी ‘श्र’ येतो, मग श्रेयस् आणि श्रेष्ठ तयार होतात. म्हणजे सगळ्यांत वाखाणण्याजोगा तो श्रेष्ठ. यात पैशाचा उल्लेख कुठेच नाही, तो मागाहून चिकटला.

पालीत याचं ‘सेट्ठि’ झालं. बुद्धासाठी जेतवन विकत घेणारा श्रावस्तीचा अनाथपिंडिक हा सेट्ठि. मृच्छकटिक नाटकात चारुदत्त राहतो ती पेठ म्हणजे श्रेष्ठिचत्वर, आणि त्याच्यावर खटला चालतो तेव्हा न्यायाधीशाशेजारी एक श्रेष्ठी नि एक कायस्थ बसलेले असतात. गुप्तकाळातल्या दामोदरपूरच्या ताम्रपटांत तर नगरश्रेष्ठी चक्क कारभारी मंडळात आहे. थोडक्यात, हे पद होतं. नुसता श्रीमंत माणूस म्हणजे श्रेष्ठी असं नव्हतं.

मुंबईकरांना जवळचा पुरावा हवा असेल तर कार्ल्याला जा, एकवीरेच्या पायऱ्या चढताच आहात तर. चैत्याच्या ओसरीत ब्राह्मीत कोरलंय: ‘वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठपितं जंबुदिपम्हि उतमं’. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, सेठी भूतपालाने जंबुद्वीपातलं हे सर्वांत उत्तम शैलगृह पुरं केलं. स्वतःच्या कामाला स्वतःच ‘जंबुद्वीपात एक नंबर’ म्हणवून घेणं आणि ते दगडात कोरून ठेवणं! शेठ लोकांचा हा स्वभाव जवळपास दोन हजार वर्षं टिकून आहे.

ओला बोंबील

पहिला फ्लेक्स! फक्त शुभेच्छुकांचे फोटो नाहीत.

चौकोनी चाक

अर्धमागधी, ‘सेट्ठि’पासून आला तर हिंदीत ‘सेठ’ आणि आपल्याकडे ‘शेठ’ का? स आणि श चा गोंधळ करतात म्हणून आपण भय्या लोकांना हसतो. मग इथे आपणच स चा श केला म्हणायचा की काय?

अर्धमागधी

केलाच, पण नेमाने केला. मराठीत स च्या पुढे इ किंवा ए आला की स चा श होतो. जोड्या बघा: हिंदी सींग, मराठी शिंग. सीखना, शिकणे. सेज, शेज. सिंदूर, शेंदूर. सेंकना, शेकणे. त्याच रांगेत सेठ आणि शेठ. तेव्हा गुजरातीतूनच उचलला असं म्हणायची गरज नाही. मराठीच्या स्वतःच्या वाटेनेही तो इथवर पोचतो.

दुसरं असं की जुनं मराठी रूप बहुतेक ठिकाणी ‘शेट’ आहे, ट चा. शब्दाच्या शेवटी महाप्राण सोडायची मराठीला खोडच आहे. हाथचा हात झाला, भूखची भूक झाली, तसा शेठचा शेट. आज आपण पुन्हा ठणकावून ‘शेठ’ म्हणतो त्यात मात्र गुजराती-हिंदी शेजाराचा हात असणार, हे मान्य.

पेशवाईतल्या कागदांत ‘शेटे-महाजन’ अशी जोडी भेटते. पेठेचं वतन असे ते. पेठ वसवायची, उदमी आणून बसवायचे, बाजाराची शिस्त राखायची, बदल्यात हक्काचं उत्पन्न घ्यायचं. शेटे, शेट्ये ही आडनावं अजून आहेतच.

ठाकुरद्वार नाका

‘शेट’चा विषय निघाला नि नाना शंकरशेटांचं नाव नाही, असं कसं?

लोक ‘शंकरशेट’ हे आडनाव समजतात. ते आडनाव नाही. घराणं मुरकुट्यांचं. वडील शंकरशेट, आजोबा बाबुलशेट. दैवज्ञ समाजात शेट नावाला जोडूनच येत असे. कोकणात अजूनही सोनाराला शेट म्हणूनच हाक मारतात, आणि कारवार-गोव्याकडे ते सरळ आडनाव होऊन बसलंय. तेव्हा जगन्नाथ शंकरशेट म्हणजे साधं स्वतःचं नाव नि बापाचं नाव. आमच्या गिरगावातून जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, पण पाट्यांवर कुठे शेट, कुठे शेठ, कुठे ‘शंकर शेठ’ असे दोन तुकडे. तोडून लिहिणाऱ्याला वाटत असणार, शंकर नावाचे कुणी शेठजी होऊन गेले!

नाना जन्मले १८०३ मध्ये, गेले १८६५ मध्ये. मधल्या काळात या शहरात शेट हा शब्द किती वजनदार होता ते बघायचं तर बोरीबंदर-ठाणे आगगाडी काढणाऱ्या कंपनीच्या उभारणीतली नावं बघा. नाना आहेत, जमशेटजी जीजीभाय आहेत. शाळा, इस्पितळं, धर्मशाळा, तलाव, काहीही काढायचं असलं की इंग्रज सरकार आधी शेटांकडे वर्गणीची वही पाठवायचं. त्या काळाचा इतिहास लिहिणारे या साऱ्या मंडळींना मिळून ‘शेटिया’ म्हणतात.

चौकोनी चाक

जमशेटजी! म्हणजे जम + शेट + जी. बघा, पारश्यांच्या नावातही शेट घुसला.

अर्धमागधी

नाही घुसला. तो इराणी जमशेद. पारशी ज्याच्या नावाने जमशेदी नवरोज साजरा करतात तो प्राचीन राजा. द चा ट झाला इतकंच. जमशेटजी शेट होतेच, पण ते व्यापाराने.

चौकोनी चाक

पण मग सामान्य मुंबईकर ‘जमशेटजी’ ऐकत होता तेव्हा त्याला त्यात शेट ऐकू येत नसेल कशावरून? व्युत्पत्ती पंडितांची, कान लोकांचे.

अर्धमागधी

कानांचं मी काही सांगू शकत नाही. 🙂 हा मुद्दा तुमच्याकडेच ठेवा.

मेहताजी

वाचनखूण साठवली. आमचं घर तीन पिढ्या मूळजी जेठा मार्केटच्या आसपास. घरात गुजराती, रस्त्यावर मराठी.

पेढीवरचा शेठ फार वेगळं प्रकरण होतं हो. गादीवर पांढरी शुभ्र खोळ, मागे तक्क्या, पुढे उतरती मेजपेटी. मेहताजी खातेवही लिहिणार, गुमास्ता माल दाखवणार, पाटीवाला गठ्ठे उचलणार. या सगळ्यांनी ज्याला ‘शेठ’ म्हणायचं तो एकच. त्याच्यासमोर दुसऱ्या कुणाला शेठ म्हणणं ही आगळीक. बाहेरचा बडा व्यापारी आला तर त्याला नावासकट म्हणायचे, अमुकशेठ आले. नुसतं ‘शेठ’ म्हटलं की आपलाच.

आणि शेठपण जातीधर्माचं नव्हतं. जमशेटजींचे भागीदार बघा: एक मोतीचंद अमीचंद, एक महमद अली रोगे, म्हणजे कोकणी मुसलमान. चीनच्या व्यापारात, सरळ बोलायचं तर अफूच्या, या तिघांची भागीदारी. पारशी, गुजराती, कोकणी मुसलमान, दैवज्ञ, सगळ्यांना लागू पडणारी मानाची पदवी या शहरात ही एकच होती. राव मराठ्याला, पंत बामणाला, मियाँ मुसलमानाला, शेठ मात्र ज्याच्याकडे पेढी त्याला. आज ती कुणालाही चिकटू शकते त्याची सोय तिथेच झाली, असं मला वाटतं.

पुढे कापसाचे नि शेअरांचे बडे शेठ प्रेमचंद रायचंद. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि चार वर्षं अख्खी मुंबई शेअरांच्या मागे वेडी झाली. १८६५ मध्ये ती यादवी संपली आणि सगळा डोलारा बसला. त्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. राजाबाई म्हणजे प्रेमचंदशेठच्या आई.

पायरीवरची

मेहताजींचा प्रतिसाद सुंदर आहे, पण गादीखालून बघणाऱ्याचंही कुणीतरी लिहायला हवं.

माझे आजोबा संगमेश्वरकडून लहान वयात मुंबईला आले आणि वाळकेश्वरला एका शेठच्या घरी कामाला लागले. त्या काळात गुजराती घरांतून कोकणातल्या गड्याला नाव नसायचं. सगळे ‘रामा’. आजोबांचं नाव गणपत, तरी ते रामाच. त्यांच्या आधीचाही रामा, नंतरचाही रामा. आणि समोरचा शेठ. दोघांचीही नावं गळून पडलेली, फक्त एकाचं वर गेलं नि एकाचं खाली.

आजोबा म्हातारपणी चाळीच्या जिन्यात बसायचे आणि पोरं एकमेकांना ‘काय शेठ’ करायला लागली की हसायचे. रागाने नाही. एकदा म्हणाले, ‘बरं झालं, स्वस्त झाला.’

म्हणून मला ही हाक निव्वळ चेष्टेतली वाटत नाही. ज्या शब्दापुढे मान खाली घालावी लागे तो पुढच्या पिढीने घेतला आणि वडापावच्या गाडीवर वाटून टाकला.

ओला बोंबील

दंडवत घ्या. आज चेष्टा करणार नाही.

चौकोनी चाक

पायरीवरची, भावना पोचल्या. पण इतका अर्थ त्यात भरावा का? पोरं हिंदी सिनेमा बघतात, तिथे ‘क्या सेठ’ ऐकतात, इथे ‘काय शेठ’ म्हणतात. संपलं.

पायरीवरची

‘साहेब’ही सिनेमात तितकाच असतो. मित्र एकमेकांना ‘काय साहेब’ करतात तेव्हा त्यात टोमणा असतो, बढती मिळालेल्याला मारतात तसा. ‘काय शेठ’मध्ये तो डंख नाही. का नाही, ते सांगा.

खाडीपलीकडे

आलो. उरणकर हजर. एवढा वेळ आमचं नाव घेऊन कुणी बोलेना म्हणून गप्प होतो.

आमच्याकडे, म्हणजे उरण, पनवेल, अलिबाग, पेण, आगरी-कोळी पट्ट्यात, शेठ दोन प्रकारे चालतो. एक नावाला जोडून: अमुकशेठ, तमुकशेठ. तो खरा. त्याच्याकडे रेतीची बोट, वीटभट्टी, मासळीचा लिलाव, मिठागर, डंपर, किमान पंचायतीतलं वजन, काहीतरी असतं. लग्नपत्रिकेत, जत्रेच्या बॅनरवर, क्रिकेटच्या चषकावर नाव असंच छापतात. दुसरा एकटा, नावाशिवायचा: ‘काय शेठ, खं चाललाव?’ तो कुणालाही. बेकार पोराला तर पहिला.

मुंबईचे लोक म्हणतात, जमिनीचा पैसा आला नि तुम्ही सगळे शेठ झालात. नवी मुंबई वसवायला सिडको आली १९७० मध्ये, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्या बदल्यातले साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळायला पुढे किती वर्षं आणि किती लढे लागले ते इथे सांगत बसत नाही. पैशाने बॅनर मोठे झाले, हे खरं. पण हाक आधीची आहे. आमची आजी भाताच्या व्यापाऱ्याला शेट म्हणायची, पेणच्या बाजारात.

आणि ती आवडीने म्हणत नसे. खोत नि सावकार यांच्यापायी आमच्या लोकांनी काय भोगलंय ते अलिबागजवळच्या चरीला विचारा. १९३३ ते १९३९, सहा वर्षं कुळांनी जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील पुढारी. लाकडं विकली, करवंदं विकली, पोटाला चिमटा घेतला, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. त्याच संपाच्या काळात, १९३७ मध्ये, बाबासाहेबांनी खोती नष्ट करायचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. त्या कुळांची पोरंनातवंडं आज एकमेकांना शेठ म्हणतात. पायरीवरची म्हणतात ते मला पटतं. आमच्याकडे तो शब्द नुसता स्वस्त झाला नाही, कुळकायद्यासारखा कसणाऱ्याच्या नावावर झाला.

अर्धमागधी

वा! शेवटचं वाक्य चोरणार आहे.

यात एक गंमत आहे. ‘शेटजी-भटजी’ ही जोडी सत्यशोधकांपासून मराठी राजकारणात शिवीसारखी वापरली गेली. पैशाने लुबाडणारा नि पोथीने लुबाडणारा. शंभर वर्षं भाषणांतून शेटजीवर टीका झाली. तरी मित्राला हाक मारायला भटजी कुणी घेतला नाही, शेठ घेतला. ‘काय भटजी’ म्हटलं की तो खरोखरचा भटजी असावा लागतो.

चौकोनी चाक

कारण भटजी होता येत नाही, शेठ होता येतं. निदान लॉटरी लागली तर.

स्लो लोकल

चाक, आज पहिल्यांदा बाडीस, म्हणजे तुमच्याशी सहमत.

फलाट क्र. ४

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्याने लिहायला लावलं. मी रोज नालासोपाऱ्याहून चर्चगेटला येतो. (सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. कान्हेरीच्या लेण्यांत सोपारा-कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानाचे लेख आहेत. म्हणजे आमच्या गावचे शेठ बोरिवलीला जाऊन दान करत. आता आम्ही बोरिवलीला फक्त गाडी बदलतो.)

मला ‘साहेब’ आणि ‘शेठ’मधला फरक असा वाटतो: साहेब पगार घेतो, शेठ पगार देतो. साहेबाच्या वर आणखी एक साहेब असतो. शेठच्या वर कुणी नसतो. हवालदाराला शेठ म्हणून बघा, कानाखाली बसेल. त्याला साहेबच लागतो, कारण त्याचं सगळं जग वरच्या-खालच्या रांगेचं. टॅक्सीवाला, भाजीवाला, न्हावी, इस्त्रीवाला यांना साहेब म्हटलं तर त्यांना वाटतं आपण थट्टा करतोय. शेठ म्हटलं तर वाटत नाही. छोटा का होईना, गल्ला त्यांचाच.

पण खरी मेख व्याकरणात आहे. मराठीत अनोळखी माणसाशी तोंड उघडलं की पहिल्याच क्रियापदाला ठरवावं लागतं, तू की तुम्ही. ‘सरक’ की ‘सरका’. हिंदीवाल्याला मधला ‘तुम’ आहे, आपल्याला मधलं काही नाही. गर्दीच्या डब्यात समोरचा वयाने लहान की मोठा, शिकलेला की नाही, मराठी की नाही, हे कळायच्या आत बोलायचं असतं. ‘काका’ म्हणावं तर चाळिशीतला चिडतो. ‘दादा’ म्हणावं तर साठीचा. ‘शेठ’ला वय नाही. आणि शेठ म्हटलं की पुढे ‘तुम्ही’ आपोआप येतं, कुणाचाच अपमान होत नाही.

‘काय शेठ’ तर त्याहून हुशार. त्यात क्रियापदच नाही! ठरवायलाच नको.

कढीलिंब

फलाट, मान गये. आमच्या ग्रुपमध्ये हेच उलट्या बाजूने होतं. कॉलेजपासूनचे सगळे तू-तू वाले. पण ‘शेठ’ म्हटलं की पुढचं वाक्य तुम्हीवर जातं: ‘काय शेठ, कुठे असता हल्ली? फोन उचलत नाही गरिबांचा?’ दोन वाक्यांनी परत ‘ए गाढवा’ सुरू. तेवढ्यापुरतं नाटकातल्यासारखं मानाचं बोलायचं. उसने पैसे मागायचे असतील तर नाटक जरा लांबतं.

आता बायकांचं बोलू या का? एवढ्या प्रतिसादांत सगळे पुरुषच शेठ. आमच्या ग्रुपमध्ये मुलींनाही ‘काय शेठ’च म्हणतात, आणि मला ते आवडतं. ‘शेठाणी’ म्हटलं की डोकं फिरतं. शेठाणी म्हणजे शेठची बायको, स्वतःचा गल्ला असलेली बाई नाही. माझं टेलरिंगचं दुकान आहे. माल घेऊन येणारा विचारतो, ‘शेठ आहेत का?’ मी म्हणते, बोला. तो पुन्हा विचारतो, ‘नाही, शेठ?’

ओला बोंबील

बाजारात याचा निकाल कधीच लागलाय. आमच्याकडे लिलावात बोली लावणाऱ्या बायका आहेत, त्यांना शेठाणी म्हणायची कुणाची छाती नाही. नावाने हाक, नाहीतर ‘मावशी’. आणि हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे होत नाही.

चौकोनी चाक

शेट्टी राहिले. उडप्याच्या हॉटेलात गल्ल्यावर बसलेल्या शेट्टीला ‘शेठ’ म्हणणं म्हणजे एकच शब्द दोनदा ना?

अर्धमागधी

सर्वसाधारण मत तसंच आहे. तमिळ चेट्टी-चेट्टियार, कन्नड-तुळू शेट्टी हे त्याच सेट्ठि घराण्यातले मानतात. तेव्हा ‘शेट्टीशेठ’ म्हणजे ‘गोल सर्कल’सारखं. चहा मिळाल्याशी कारण.

मेहताजी

‘बॉस’चंही तेच झालंय ना? ‘काय बॉस’, ‘ओ बॉस’. डच ‘बास’, म्हणजे मालक, अमेरिकेत गेला, इंग्रजीत शिरला, तिथून आपल्या नाक्यावर. पण ‘ओ बॉस’मध्ये थोडी खुन्नस आहे. सीटवरून वाजलं की ‘ओ बॉस’. भांडण मिटलं की ‘जाऊ द्या शेठ’.

फलाट क्र. ४

अगदी. ‘भाई’ही भांडणातलाच झालाय आता. एके काळी शेकापचे पुढारी भाई होते. भाई उद्धवराव पाटील, भाई केशवराव धोंडगे. कॉम्रेड या अर्थाने. मुंबईत त्या भाईचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. ‘काय भाई’ म्हटलं की माणूस आधी मागे वळून बघतो. ‘भिडू’ बिचारा पत्त्यांच्या डावातला जोडीदार, पण तोही सिनेमाने टपोरी करून टाकला. शेठ अजून निरुपद्रवी आहे.

खाडीपलीकडे

निरुपद्रवी? निवडणुकीच्या आधी आमच्या गावात या. ‘शेठ’ म्हणत घरात शिरतात, तेव्हा आम्हीच शेठ. निकाल लागला की ते शेठ.

स्लो लोकल

राजकारण नको, धाग्याचा काश्मीर होईल. सगळ्यांचे आभार. उद्या मित्रांना हा धागा पाठवतो; ‘शेख’वाला तरीही ऐकणार नाही, तो व्हॉट्सॅपवर वाचून बोलतो.

मेहताजी, एक शंका राहिली. पेढीवर स्वतः शेठ दुसऱ्या शेठला काय हाक मारायचा? तोही ‘काय शेठ’ म्हणायचा का?

मेहताजी

नाही. आमच्याकडे ‘आवो, आवो, पधारो’, मग नाव, नावाला ‘भाई’. शेठ हा खालून वर जाणारा शब्द होता. वरचे दोघे एकमेकांना भाईच म्हणत. नुसतं ‘शेठ’ म्हणून बरोबरीच्याला हाक मारायची रीत पेढीवरची नाही, ती बाहेरच्या फुटपाथवरची. हातगाडीवाले, पाटीवाले दुपारी बिडी ओढत बसायचे ते एकमेकांना म्हणायचे, आतल्यांची नक्कल करत. ‘क्या सेठ, आज कितना कमाया?’ लहानपणी मी हे पायऱ्यांवरून ऐकलंय, आणि आत जाऊन तसंच बोललो म्हणून वडिलांचा मारही खाल्लाय.

पायरीवरची

मेहताजी, हे तुम्ही सगळ्यांत शेवटी का सांगताय! धाग्याचं उत्तरच हे आहे.

चौकोनी चाक

एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. पण दुसरा पुरावा येईपर्यंत मी यालाच चिकटून राहतो.

कढीलिंब

आता कुणीतरी ‘गाववाले’वर धागा काढा. ‘काय गाववाले’ म्हणणारा कधी आपल्या गावचा नसतो.

ओला बोंबील

काढा की शेठ, तुम्हीच काढा.

कढीलिंब

बघा, शेठ म्हणून काम गळ्यात घालायची ही आणखी एक रीत. नोंद घ्यावी.